नायक कोण, खलनायक कोण?

(पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या वस्तीगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, हा साहित्य संमेलनातला विषय आपल्या मेळाव्यात कशाला? आपण इथे जमतो ते पगार, रेशन, नवऱ्याची दारू, पोरीचं शिक्षण, रात्रपाळीहून परतताना रस्त्यावर दिवे नसणं अशा गोष्टी बोलायला. पण या प्रश्नांचा पाठपुरावा करताना पोलीस चौकीपासून भावकीच्या बैठकीपर्यंत दोन वाक्यं हमखास आडवी येतात. त्याच्याबद्दल म्हणतात, "तो असं करणाऱ्यातला वाटत नाही हो." आणि तिच्याबद्दल म्हणतात, "ती पण काही साधी नाही." म्हणजे तक्रार ऐकणाऱ्याच्या डोक्यात चांगला माणूस कसा दिसतो आणि वाईट माणूस कसा दिसतो, याची चित्रं आधीच तयार असतात. आपली हकिगत खरी की खोटी, हे त्या चित्रांशी ताडून ठरवलं जातं. मग ही चित्रं येतात कुठून आणि ती खऱ्या आयुष्यात कितपत उपयोगी पडतात, हे तपासायला नको का?

पडद्यावरचा चेहरा

ही चित्रं सगळ्यात आधी आपल्याला पडद्याने दिली. खलनायक कोण ते सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्याची मिशी, त्याचं हसणं, मागचं संगीत सगळं सांगून टाकतं. मराठी सिनेमात कितीतरी वर्षं हा चेहरा निळू फुल्यांचा होता. 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा असो की 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव, त्यांनी बेरकी पुढारी असा उभा केला की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्षात पाहूनही दचकत, अशा आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. हा माणूस प्रत्यक्षात कसा होता? पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि इतर सामाजिक कामांना शेवटपर्यंत साथ देणारा. ज्याला पाहून बायकांनी पदर सावरला, तो बायकांच्या बाजूने उभा राहणाऱ्यांपैकी होता.

खलनायिकेचा चेहरा होता ललिता पवारांचा. त्या मुळात नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड खरोखरच जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला आणि बऱ्याच उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि खाष्ट सासूच्या, पुढे 'रामायण' मालिकेतल्या मंथरेच्या भूमिका आल्या. त्यांनी त्यांचं सोनं केलं हे खरंच. पण जरा थांबून विचार करा. एका बाईच्या चेहऱ्यावरची इजा पुढच्या दोन-तीन पिढ्यांसाठी दुष्टपणाची खूण बनली. तो डोळा बारीक झाला की प्रेक्षकातल्या सुना घाबरत. तो असा का झाला, हे कोणी विचारलं नाही.

आता पडद्यावरच्या नायकाकडे बघू. तो मुलीचा पाठलाग करतो, तिची वाट अडवतो, तिच्या मैत्रिणींसमोर तिला चिडवतो, ती 'नाही' म्हणाली की आणखी एक गाणं म्हणतो. शेवटी ती हसते आणि आपण टाळ्या वाजवतो. बाईने नको म्हटलं तरी तिचा पाठलाग करत राहणं हा २०१३ साली आपल्या देशात स्वतंत्र गुन्हा ठरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. म्हणजे ज्या वागण्याला पडद्यावर पन्नास वर्षं प्रेम म्हटलं गेलं, त्याला कायदा आता गुन्हा म्हणतो. खलनायकाने तेच केलं असतं तर आपण शिव्या दिल्या असत्या. कृती तीच, फक्त करणारा देखणा. मग आपण कशावरून ठरवत होतो, कृतीवरून की चेहऱ्यावरून?

एक साथ आणि चौघांच्या गोष्टी

आता सिनेमा सोडू आणि इतिहासाकडे येऊ. तोही लांबचा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी रोज चिंचवडच्या चापेकर चौकातून बसने जातात.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. माणसं रोज मरत होती. सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला साथ आटोक्यात आणण्यासाठी नेमलं. गोरे सोजीर घराघरात घुसू लागले, देवघरापर्यंत जाऊ लागले, सामान जाळलं जाऊ लागलं. बायकांची तपासणी चारचौघांत होते, त्यांची बेअब्रू होते अशा तक्रारी उठल्या. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर बंधूंनी रँडवर आणि आयर्स्ट या दुसऱ्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही मेले. दामोदर १८९८ मध्ये फासावर गेले, बाळकृष्ण आणि धाकटे वासुदेव १८९९ मध्ये. रँड खलनायक आणि चापेकर नायक, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. १९७९ मध्ये यावर '२२ जून १८९७' हा चित्रपटही आला.

या गोष्टीतला त्याग खोटा नाही. एका घरातले तीन भाऊ फासावर जातात, ही साधी गोष्ट नव्हे. पण तीच गोष्ट जरा बायकांच्या बाजूने वाचून बघू.

रँडला स्वतःला काय वाटत असेल? आपण लोकांचे जीव वाचवतो आहोत, असंच वाटत असणार. आजाऱ्याला वेगळं ठेवणं हा साथ रोखण्याचा मार्ग होताच. त्याचा अपराध हेतूत नव्हता. ज्यांच्या घरात आपण शिरतो आहोत त्यांना विचारायची गरजच नाही, त्यांची तक्रार ही कटकट आहे, असं धरून चालण्यात होता. अंगावर कोणाचा हात पडला हे बाई सांगत असताना वरिष्ठाने कागदावर 'काम सुरळीत चालू' असं लिहिणं, इथे खलनायकी सुरू होते. त्यासाठी गडगडाटी हसावं लागत नाही.

आणि चापेकर? बायकांच्या अब्रूसाठी ते लढले, असं आपण म्हणतो. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात इंग्रजांइतकाच सुधारकांवरचाही राग दिसतो. धर्मात आणि रूढीत ढवळाढवळ करणारा कोणीही त्यांना शत्रू वाटे. आता, बायकांनी शिकावं, विधवांना माणसासारखं जगता यावं, पोरींची लग्नं लहानपणी लावू नयेत, असं म्हणणारे लोक म्हणजेच सुधारक. म्हणजे बाईच्या अब्रूचं रक्षण हवं, पण बाईचा स्वतःच्या आयुष्यावरचा हक्क नको. हा नायक आपल्याला आजही भेटतो. बहिणीला रस्त्यात कोणी छेडलं तर तो डोकं फोडायला धावतो, आणि तिने स्वतःच्या पसंतीने लग्न करायचं ठरवलं तर तिचंच डोकं फोडायला धावतो. अब्रू घराची, हक्क मात्र कोणाचाच नाही. आणि फासावर गेलेल्या त्या भावांमागे आई राहिली, तरुण सुना राहिल्या. चौकातून जाताना भावांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात. त्या सुनांची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील?

त्याच साथीत, त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनीही आवाज उठवला. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं नाही, पत्र लिहिलं. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या बायकामुली तिथे सुरक्षित नाहीत, असं त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडलं. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं आणि सरकारने आरोप फेटाळले. रमाबाईंसाठी पुण्यातून कोणी मोर्चा काढला नाही. कारण त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या, आणि चारच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, शारदा सदनात मुली बाटवल्या जातात म्हणून त्यांच्यावर गहजब झाला होता. शहराने त्यांना खलनायिकेच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. सरकारलाही त्या नको, सरकारविरोधकांनाही नको. पण बायकांबद्दल नेमकी, तपासता येईल अशी तक्रार कोणी केली? त्यांनीच.

आणि चौथी गोष्ट सावित्रीबाई फुल्यांची. त्यांनी डॉक्टर मुलगा यशवंत यांच्यासह हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला स्वतः उचलून आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडचा खून व्हायला अजून तीन महिने होते. याच बाईवर पन्नास वर्षांपूर्वी पुण्याने शेण फेकलं होतं.

एक शहर, एक आजार, एक वर्ष. त्यात सत्ता हाती असूनही न ऐकणारा अधिकारी, अब्रूसाठी मारणारे आणि मरणारे भाऊ, न घाबरता तक्रार लिहिणारी एकटी बाई, आणि आजाऱ्याला पाठीवर घेणारी म्हातारी शिक्षिका. यातल्या कोणाचा नायक करायचा आणि कोणाला विसरायचं, हे ठरवणारे लोक कोण होते, हा खरा प्रश्न आहे.

हे जुनं झालं असं समजू नका. २०२० च्या मार्चमध्ये आपण सगळ्यांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. आशाताई घरोघर तपासणीला फिरत होत्या. चाळीत शिरताना कोणी दार लावून घेत होतं, कोणी अंगावर धावून जात होतं. त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. बाईला नायिका म्हणायला पैसे लागत नाहीत. तिला कामाचा मोबदला द्यायचा म्हटलं की मात्र तिजोरी रिकामी होते.

कारखान्याच्या गेटवरचा नायक

आपला पट्टा कारखान्यांचा. इथल्या जुन्या कामगारांच्या घरात १९८९ चं टेल्कोचं आंदोलन अजून निघतं. राजन नायर या कामगारनेत्याच्या मागे हजारो कामगार उभे राहिले. सप्टेंबरमध्ये शनिवारवाड्यापुढे उपोषण झालं आणि पोलिसांनी रात्री सगळ्यांना उचलून नेलं. एका घरात ही गोष्ट नायकाची, शेजारच्या घरात उद्योग बुडवायला निघालेल्या माणसाची. दोन्ही घरांतली माणसं त्याच गेटमधून कामाला जात होती. कोणाचं बरोबर, हा वाद मी इथे सोडवणार नाही. मला दोन्ही गोष्टींत एक जागा रिकामी दिसते. कोणताही संप लांबला की पगाराविना घर चालवते ती बाई. वाण्याची उधारी तिच्या तोंडावर, डोरलं गहाण तिचं. संप करावा की नाही हे ठरवणाऱ्या सभेत ती नसते, तो मागे घ्यायचा ठरतो तेव्हाही नसते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, ती बोलायला अवघड आहे. गेटवर अन्यायाविरुद्ध भाषण करणारा, कंत्राटी पोरांसाठी साहेबाशी भांडणारा माणूस घरी बायकोला मारतो, असं कधी कधी कळतं. चळवळीतल्यांनाच ते ऐकवत नाही. "मोठ्या लढ्याचा माणूस आहे, घरातलं घरात मिटवा," असा निरोप येतो. तिने तक्रार केली तर ती कंपनीला सामील झाली, असंही म्हणतात. मैत्रिणींनो, तो गेटवर खोटं बोलत नसतो. तो खरंच लढत असतो, आणि घरी खरंच मारत असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य करायची तयारी कथेत नसली तरी आपल्यात असायला हवी. नाहीतर त्याच्या चांगुलपणाचं बिल तिच्या पाठीवर फाटत राहतं.

राक्षस शोधण्याचा धोका

२०२५ च्या मे महिन्यात मुळशी तालुक्यातल्या एका तरुण सुनेच्या मृत्यूनंतर हुंड्याची चर्चा महाराष्ट्रभर पेटली. न्यायनिवाडा करणं न्यायालयाचं काम आहे. पण त्या दिवसांत एक गोष्ट जाणवली. माणसं कशी राक्षस असतात, यावर सगळे तावातावाने बोलत होते. लग्नात दिलेल्या गाडीचे, सोन्याचे आकडे सांगत होते. पण अशी लग्नं आपल्या पट्ट्यात नवी आहेत का? जमिनीला भाव आला तशी गाड्यांना फुलं लावून चाव्या देण्याची पद्धत आली. मांडवात आपणही बसलो, जेवलो, "मुलगी चांगल्या घरी पडली" म्हणून आलो. एका घराला राक्षस ठरवलं की बाकीचे सगळे मांडव आपोआप स्वच्छ होतात. खलनायक सापडल्याचा हाच मोठा तोटा. आपली सुटका होते.

दुसरा तोटा तक्रार करणाऱ्या बाईचा. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहापैकी जवळपास तीन बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. इतके राक्षस कुठून आणणार? ही साधी, कामावर जाणारी, आरतीला उभी राहणारी, पोरांना खाऊ आणणारी माणसं आहेत. म्हणूनच तिला वाटतं, आपलंच काही चुकत असेल, कारण सिनेमातला दुष्ट तर चोवीस तास दुष्ट असतो आणि हा रविवारी मटण आणतो. हे तिला समजावणं, हे आपलं पहिलं काम. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याला खलनायक लागत नाही. त्याला कृत्य लागतं. मारणं तर आहेच, पण सतत अपमान करणं, पगार काढून घेणं, घरखर्च न देणं, घराबाहेर काढणं हेही त्यात येतं. म्हणून गटात येणाऱ्या प्रत्येकीला सांगा: तो कसा माणूस आहे हे पटवत बसू नकोस. कोणत्या दिवशी काय झालं, कोणी पाहिलं, दवाखान्याचा कागद कुठे आहे, ते वहीत लिहून ठेव. चेहऱ्यावर वाद घालता येतो, तारखेवर घालणं कठीण जातं.

मग फरक कशात?

याचा अर्थ सगळे सारखेच, नायक-खलनायक असं काही नसतंच, असा मुळीच नाही. तसं म्हणणं बलवानाच्या सोयीचं असतं. फरक असतो आणि तो ओळखताही येतो. मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात.

पहिला: याच्या मोठेपणाची किंमत कोण देतं आणि तिला विचारलं होतं का? २०११ च्या ऑगस्टमध्ये पवना धरणाचं पाणी बंद नळातून आपल्या शहरात आणण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन माणसं मेली, त्यातली एक बाई होती. पाणी आपल्याला हवं होतं, वस्तीत हंड्यांची रांग आपलीच होती. तरी हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो.

दुसरा: जी उलट बोलू शकत नाही, जिच्याकडून काही मिळणार नाही, तिच्याशी हा माणूस कसा वागतो? साहेबाशी कसा वागतो ते पाहू नका, झाडूवाल्या बाईशी कसा वागतो ते पाहा.

तिसरा: जाब विचारला की काय करतो? ऐकून घेतो, बदलतो, की विचारणारीलाच खलनायिका ठरवतो?

हे प्रश्न फक्त पुरुषांसाठी नाहीत. वीस वर्षं सोसलेली बाई सासू होते, घरात पहिल्यांदा तिचं कोणी ऐकू लागतं आणि ते ऐकणारं माणूस म्हणजे सून असते. का होतं ते आपल्याला समजतं, पण समजलं म्हणून ते चालवून घ्यायचं नाही. लाईनवर हाताखालच्या पोरींना लघवीला न सोडणारी सुपरवायझर बाईच असते. आणि आपल्या संघटनेत, नेतृत्व करणाऱ्या आपण सगळ्या? हिशोब विचारणारी कार्यकर्ती आपल्याला आवडते का?

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं. एखादा सिनेमा, मालिका किंवा गावातली ऐकीव गोष्ट घ्यावी आणि ती गोष्टीतल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून सांगून बघावी. मंथरेच्या तोंडून, चापेकरांच्या सुनेच्या तोंडून, संपातल्या कामगाराच्या बायकोच्या तोंडून. मग नायक तोच राहतो का, ते पाहावं. काय निघालं ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.